कॅन्टन ते लॉस एंजेलिस: सुपर बोल जिथे घडत गेला त्या गावांमधून

अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगचा (एनएफएल) अंतिम सामना, म्हटला की फेब्रुवारीतला तो रविवार, आठवडाभर चाललेला गाजावाजा आणि टीव्हीसमोर बसलेला अख्खा देश डोळ्यांसमोर येतो. एवढा मोठा सामना कोणीतरी नीट आराखडा आखून सुरू केला असेल असं वाटतं. तसं झालेलं नाही. विजेता कोण यावरून झालेले वाद, बर्फामुळे ऐनवेळी बदललेलं मैदान, दोन लीगमधली पैशांची चढाओढ आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये झालेली बोलणी, अशा एकेका अडचणीवर काढलेल्या तोडग्यांतून तो उभा राहिला. हे तोडगे जिथे निघाले ती गावं सलग पाहता येतात: ओहायोतलं कॅन्टन, मग शिकागो, विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे, टेक्ससमधलं डॅलस आणि शेवटी लॉस एंजेलिस. क्रम हाच ठेवावा. घटना एकामागोमाग एक उलगडत जातात आणि सामान बांधायलाही सोपं पडतं, कारण जाड जॅकेट फक्त पहिल्या निम्म्या प्रवासात लागतं.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा या फेरीला बरा. मात्र तिकिटं काढण्याआधी ग्रीन बेमधले पॅकर्सचे घरचे सामने आणि लॉस एंजेलिसमधले यूएससी विद्यापीठाचे सामने कोणत्या तारखांना आहेत ते पाहून घ्या. सामन्याच्या दिवशी स्टेडियमची टूर बंद असते.

पहिला दिवस: कॅन्टन

क्लीव्हलंडच्या विमानतळावरून भाड्याची गाडी घेतली की तासाभरात कॅन्टन येतं. बहुतेक लोक थेट हॉल ऑफ फेम या फुटबॉलच्या संग्रहालयात शिरतात. त्याआधी अर्धा तास काढून गावाच्या मध्यवर्ती भागात, क्लीव्हलंड ॲव्हेन्यू आणि सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जावं. तिथे राल्फ हेय यांचं हपमोबील मोटारींचं शोरूम होतं. मूळ इमारत आता नाही, त्या जागी सरकारी कचेरी उभी आहे, पण एनएफएलचा जन्म इथलाच.

17 सप्टेंबर 1920 च्या संध्याकाळी चार राज्यांतल्या दहा संघांचे लोक या शोरूममध्ये जमले. हेय हे कॅन्टन बुलडॉग्ज संघाचे मालक. खुर्च्या पुरेनात, म्हणून काही जण मोटारींच्या फूटबोर्डवर बसले. देशात दारूबंदी लागू झालेली होती. तरीही बिअरच्या बादल्या मडगार्डला लटकवलेल्या होत्या, असं जॉर्ज हॅलास पुढे सांगत. हे हॅलास तेव्हा डेकेटर गावच्या एका स्टार्च कारखान्याचा संघ चालवत होते. तोच संघ पुढे शिकागो बेअर्स झाला. लीगमध्ये येण्याची फी ठरली 100 डॉलर, आणि ती कोणीच भरली नाही. अध्यक्षपदी जिम थॉर्प यांना बसवलं, कारण 1912 च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवलेलं त्यांचं नाव वर्तमानपत्रांना माहीत होतं. या बैठकीचं इतिवृत्त बुलडॉग्जच्याच लेटरहेडवर टाईप केलेलं आहे. 1922 मध्ये लीगचं नाव बदलून नॅशनल फुटबॉल लीग झालं.

या कागदात एक गोष्ट मुळीच नव्हती, आणि पुढच्या सगळ्या प्रवासाचं मूळ तिथेच आहे. विजेता ठरवायचा कसा, हे कोणी लिहिलंच नाही. सामायिक वेळापत्रक नव्हतं. प्रत्येक संघ आपापले सामने स्वतः ठरवायचा, आणि अंतिम सामना नावाचा प्रकारच नव्हता. पहिल्या हंगामात ॲक्रन प्रोज संघाने 8 सामने जिंकले, 3 बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. तरी त्यांचं विजेतेपद ठरलं ते 30 एप्रिल 1921 रोजी, मालकांच्या मतदानाने. बफलो आणि डेकेटर या दोघांनी विजेतेपद आमचंच म्हणून वाद घातला. 1925 मध्ये तर पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या पॉट्सव्हिल गावच्या संघाने शिकागो कार्डिनल्सना त्यांच्याच शहरात 21-7 असं हरवलं. पण मग त्यांनी फिलाडेल्फियात, म्हणजे दुसऱ्या संघाच्या हक्काच्या शहरात, एक प्रदर्शनी सामना खेळला. त्यावरून लीगने त्यांना निलंबित केलं आणि विजेतेपद गेलं कार्डिनल्सकडे. पॉट्सव्हिलचे लोक ते अजून विसरलेले नाहीत. 2003 मध्ये हा प्रश्न पुन्हा मालकांसमोर आला आणि त्यांनी पुन्हा नकार दिला.

दुपार हॉल ऑफ फेमसाठी ठेवा. 1963 मध्ये उघडलेल्या या वास्तूच्या मध्यभागी फुटबॉलच्या आकाराचा घुमट आहे आणि आत शिरताच थॉर्प यांचा ब्राँझचा पुतळा. किमान चार तास लागतात. ब्राँझचे अर्धपुतळे असलेलं दालन सगळ्यांना आवडतं, पण आपल्या विषयासाठी वेळ राखून ठेवायचा तो सुरुवातीच्या वर्षांच्या विभागासाठी आणि लॅमार हंट यांच्या नावाच्या सुपर बोल दालनासाठी. (हंट हे एनएफएलशी टक्कर देणाऱ्या दुसऱ्या लीगचे संस्थापक, त्यांची गोष्ट डॅलसला येईल.) या संग्रहात व्हॅम-ओ कंपनीचा एक जुना ‘सुपर बॉल’ही ठेवलेला आहे: जमिनीवर आपटला की छतापर्यंत उसळणारा, मुलांचा रबरी चेंडू. हंट यांची मुलं 1966 मध्ये तसल्या चेंडूने खेळत, आणि तिथूनच त्यांना ‘सुपर बोल’ हे नाव सुचलं. दालनातले वयस्क स्वयंसेवक उत्साहाने बोलतात. ‘1920 चा वाद’ एवढं विचारलं तरी पंधरा मिनिटं सहज जातात.

शाकाहारी असाल तर कॅन्टनच्या नैर्ऋत्येला होम्स काउंटीत आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या खाणावळींत ‘पाय’ हा सारण भरून भाजलेला गोड पदार्थ आणि ताजा ब्रेड उत्तम मिळतो. कुस्करलेल्या बटाट्यावरची ग्रेव्ही मात्र मांसाच्या रसाची असते, ती वगळून द्यायला सांगा. आमिश लोक रविवारी दुकानं बंद ठेवतात.

दुसरा दिवस: कॅन्टन ते शिकागो

गाडीने सहा-साडेसहा तास. ओहायो टर्नपाईक आणि इंडियाना टोल रोड, दोन्हीकडे टोल आहे. भाड्याच्या गाडीत ई-झेड पासचं, म्हणजे टोल आपोआप भरणारं, यंत्र असेल तर कंपनी दिवसाचा वेगळा आकार लावते का, ते आधीच विचारा. शिकागोचं घड्याळ कॅन्टनपेक्षा एक तास मागे आहे, त्यामुळे संध्याकाळ लांबते. डेव्हन ॲव्हेन्यूवर भारतीय जेवणाची सोय आहे.

तिसरा दिवस: शिकागो

वेस्ट मॅडिसन स्ट्रीटवर युनायटेड सेंटरच्या समोर एक मोठं पार्किंग आहे. तिथे 1929 पासून 1994 पर्यंत शिकागो स्टेडियम हे बंदिस्त क्रीडागृह होतं. 1995 मध्ये ते पाडलं. आठवण म्हणून युनायटेड सेंटरच्या उत्तरेला, आइस हॉकीपटूंच्या पुतळ्याजवळ एक फलक आहे. मॅडिसनची 20 नंबरची बस दारात सोडते. पाहायला फारसं काही नाही, तरीही ही जागा चुकवू नका. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘शेवटचा एक सामना आणि त्यातून विजेता’ ही पद्धत इथल्या मातीत रुजली.

1932 च्या हंगामाअखेर बेअर्सचे 6 विजय, 1 पराभव आणि तब्बल 6 बरोबरी होत्या. ओहायोतल्या पोर्ट्समथ स्पार्टन्सचे 6 विजय, 1 पराभव, 4 बरोबरी. क्रमवारी विजयाच्या टक्केवारीवर लागे आणि बरोबरीचे सामने हिशेबात धरत नसत. त्यामुळे दोघांची टक्केवारी अगदी सारखी, 0.857. त्याच वेळी 10 सामने जिंकलेला पण 3 हरलेला ग्रीन बे पॅकर्स 0.769 वर, म्हणजे दोघांच्या खाली. पद्धतीतला दोष उघडा पडला होता. मग एक जादा सामना घ्यायचं ठरलं, तो बेअर्सच्या रिग्ली फील्डवर. पण बर्फ आणि थंडी इतकी पडली की उघड्यावर प्रेक्षक येणंच शक्य नव्हतं. शेवटी सामना छताखाली, शिकागो स्टेडियममध्ये हलवला.

18 डिसेंबर 1932. नुकताच सर्कसचा मुक्काम हललेला, जमिनीवर माती पसरलेली, म्हणजे आखाडाच म्हणायचा, आणि त्या मातीला जनावरांचा वास. मैदान 100 ऐवजी 80 यार्डांचं, कडेच्या भिंतींना चिकटलेलं. तेवढ्यात खेळ बसवायचा म्हणून त्या रात्रीपुरते खास नियम केले. त्यातले दोन पुढच्या वर्षी लीगच्या नियमांत आले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, चेंडू कडेला गेला तर पुढचा डाव भिंतीला खेटून सुरू करणं धोक्याचं, म्हणून भिंतीपासून 10 यार्ड आत रेघा मारल्या आणि चेंडू तिथून खेळवला. आज मैदानावर दिसणाऱ्या हॅश मार्कची एनएफएलमधली सुरुवात ती. दोन, गोलपोस्ट मागच्या रेषेवरून पुढे, गोल रेषेवर आणले.

चौथ्या क्वार्टरपर्यंत दोघांच्याही खात्यात शून्य. मग ब्रॉन्को नागुर्स्की धाव घेतल्यासारखा पुढे झुकला, दोन पावलं मागे सरकला आणि त्याने गोल रेषेपलीकडे रेड ग्रेंजकडे चेंडू फेकला. टचडाउन, म्हणजे 6 गुण. स्पार्टन्सनी हरकत घेतली, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुढे पास टाकणारा खेळाडू डावाच्या रेषेपासून किमान 5 यार्ड मागे असायला हवा, आणि नागुर्स्की तेवढा मागे नव्हता असं त्यांचं म्हणणं. पंचांनी ते मानलं नाही. जादा गुण आणि नंतरची एक सेफ्टी (प्रतिस्पर्धी स्वतःच्याच गोल रेषेमागे अडकल्याचे 2 गुण) धरून बेअर्स 9-0 असे जिंकले. स्पार्टन्सचा मुख्य खेळाडू डच क्लार्क त्या रात्री नव्हताच. हंगाम संपल्यावर तो कोलोरॅडोत कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला शिकवायला परत गेला होता. हा सामना क्रमवारीतही धरला गेला, त्यामुळे हरलेले स्पार्टन्स दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या क्रमांकावर घसरले. अंतिम सामना खेळून तिसरं येणं! यावरूनच कळतं की वेगळ्या अंतिम सामन्याची गरज किती होती.

1933 च्या बैठकीत सगळं बदललं. डावाच्या रेषेमागे कुठूनही पास टाकायची मुभा मिळाली, हॅश मार्क आणि गोलपोस्टची नवी जागा नियमात आली (गोलपोस्ट 1974 मध्ये परत मागच्या रेषेवर गेले). आणि वॉशिंग्टनचे संघमालक म्हणून पुढे ओळखले गेलेले जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी सुचवल्याप्रमाणे लीगचे दोन गट करून, दोन्ही गटविजेत्यांमध्ये दरवर्षी एक सामना ठरला.

तो पहिला ठरलेला सामना झाला रिग्ली फील्डवर, 17 डिसेंबर 1933 ला. रेड लाईनने ॲडिसन स्टेशनवर उतरलं की समोरच मैदान. बेसबॉलचं हे मैदान बेअर्सनी 1970 पर्यंत वापरलं. टूरमध्ये बाहेरच्या कडेची विटांची भिंत आणि तिच्यावरची वेल जवळून बघा. ऑक्टोबरअखेर तिची पानं विटांच्याच रंगाची होतात आणि काही गळूनही गेलेली असतात, त्यामुळे भिंत किती जवळ आणि किती कठीण आहे ते नीट दिसतं. फुटबॉलचं मैदान इथे कसंबसं मावत होतं. धावता धावता थांबायला खेळाडूला जागा म्हणून उरत नसे. वेल 1937 ची, म्हणजे 1933 च्या सामन्यात उघडी वीटच होती.

बेअर्सनी न्यूयॉर्क जायंट्सना 23-21 असं हरवलं. निर्णायक डावात नागुर्स्कीने पास दिला बिल ह्युइटला, आणि ह्युइटने पळता पळता चेंडू बाजूला बिल कारकडे टाकला. जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला 210.34 डॉलर मिळाले, हरणाऱ्याला 140.22. हे आकडे लक्षात ठेवा, लॉस एंजेलिसला पोचल्यावर लागतील.

इथला बेसबॉल संघ शिकागो कब्स प्लेऑफमध्ये गेला असेल तर ऑक्टोबरात टूरच्या वेळा बदलतात, तिकीट आधी काढा. शिकागोतला वारा या दिवसांत कानात शिरतो, टोपी हवीच.

चौथा दिवस: ग्रीन बे

शिकागोहून मिलवॉकीमार्गे साडेतीन तास. एवढ्याशा शहरात एनएफएलचा संघ टिकला, कारण त्याची मालकी गावकऱ्यांकडे आहे. भागधारकांना लाभांश मिळत नाही आणि नफ्यासाठी शेअर विकताही येत नाही. लॅम्बो फील्डच्या टूरमध्ये खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानापर्यंत नेतात. नव्या बोगद्याच्या जमिनीत जुन्या बोगद्यातल्या काँक्रीटचा एक तुकडा बसवला आहे. 1960 च्या दशकातले प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांच्या काळातले खेळाडू त्याच काँक्रीटवरून धावत बाहेर पडायचे. टूरमधली मंडळी तिथे एक-एक करून मुद्दाम पाय ठेवतात.

लोम्बार्डी यांचा पॅकर्स संघ पहिल्या दोन्ही सुपर बोलचा विजेता, आणि ते दोन्ही चषक इथल्या संग्रहालयात आहेत. चषकाच्या घडणीची गोष्ट छान आहे. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीतले ऑस्कर रीडनर यांनी एनएफएलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, पीट रोझेल यांच्याबरोबर जेवताना कागदी नॅपकिनवर त्याचं रेखाटन केलं. त्याआधी त्यांनी दुकानातून एक फुटबॉल आणला होता आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून खालचा त्रिकोणी आधार जमवून पाहिला होता. 22 इंच उंच, 7 पौंड चांदी, वर किकसाठी उभा ठेवलेला पूर्ण मापाचा चेंडू. या चषकाला लोम्बार्डींचं नाव मिळालं ते 1970 मध्ये त्यांचं निधन झाल्यावर.

ग्रीन बेला यायचं आणखी एक कारण. 1933 पासून एनएफएलचा अंतिम सामना दोन संघांपैकी एकाच्या घरच्या मैदानावर होई, आणि डिसेंबरात म्हणजे इथे काय होतं ते 31 डिसेंबर 1967 ला सगळ्यांनी पाहिलं. तापमान उणे 13 फॅरनहाइट, म्हणजे उणे 25 सेल्सिअस. लोम्बार्डी यांनी 80,000 डॉलर खर्चून मैदानाखाली विजेच्या तारांचं जाळं घालून घेतलं होतं. रात्रभर ताडपत्रीखाली जमीन ओलसर राहिली, ताडपत्री काढल्यावर तीच ओल गोठली आणि मैदानाची काच झाली. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या, तेव्हा त्यांनी हाका मारून सामना चालवला. पॅकर्सनी डॅलसला 21-17 असं हरवलं, तेही शेवटच्या काही सेकंदांत. दोन लीगच्या विजेत्यांमधला नवा सामना, म्हणजे सुपर बोल, आधीपासूनच त्रयस्थ, उबदार शहरात ठेवला होता. हे शहाणपण कुठून आलं ते ऑक्टोबरातला वारासुद्धा इथे समजावतो.

खाण्यात ताजे चीज कर्ड घ्या. त्या दिवशीचे असतील तर दाताखाली कचकच आवाज येतो. शिळे झाले की तो जातो, मग तळलेलेच बरे. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट असू शकतं, कडक शाकाहारी असाल तर पाकीट वाचा. मोठ्या कढईत तासन्‌तास शिजणारं ‘बूया’ हे कोंबडी आणि भाज्यांचं दाट कालवण या भागाचं खास. शुक्रवार असेल तर कुठल्याही साध्या खाणावळीत तळलेला पर्च मासा, राय ब्रेड आणि कोबीची कोशिंबीर मिळते.

पाचवा दिवस: डॅलस

तिकीट काढताना विमानतळ तपासा. डॅलसला दोन मोठे विमानतळ आहेत आणि आपल्याला उतरायचं आहे जुन्या, शहरातल्या लव्ह फील्डवर. कोड डीएएल, डीएफडब्ल्यू नव्हे. ग्रीन बेहून थेट विमान मिळेलच असं नाही, मधे एक बदल धरून चाला. हवा एकदम 25 अंशांवर येते.

सुपर बोलच्या जन्मातलं खरं राजकारण या शहरातलं. 28 डिसेंबर 1958 ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बाल्टिमोर कोल्ट्सनी जायंट्सना जादा वेळेत 23-17 असं हरवलं, आणि तो सामना टीव्हीवर पाहणाऱ्यांत डॅलसचे तेलसम्राट एच. एल. हंट यांचे चिरंजीव लॅमार हंट होते. फुटबॉल टीव्हीसाठीच आहे अशी त्यांची खात्री पटली. शिकागो कार्डिनल्स विकत घ्यायचा त्यांचा प्रयत्न फसला. मग परतीच्या विमानात, विमान कंपनीच्याच कागदांवर, त्यांनी नव्या लीगचा पहिला हिशेब मांडला. 1960 मध्ये आठ संघांची अमेरिकन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, सुरू झाली. एनएफएलने उत्तर म्हणून डॅलसमध्येच काउबॉइज संघ उभा केला. हंट यांचा डॅलस टेक्सन्स आणि काउबॉइज, दोघंही तीन हंगाम एकाच कॉटन बोल मैदानावर खेळले आणि स्टँड कोणाचेच भरेनात. टेक्सन्सनी 1962 चं एएफएल विजेतेपद दुसऱ्या जादा डावापर्यंत झुंजून जिंकलं. तरी हंट पुढच्याच वर्षी संघ घेऊन कॅन्सस सिटीला गेले आणि त्याचं नाव चीफ्स ठेवलं.

कॉटन बोल फेअर पार्कमध्ये आहे. डार्ट या शहरी रेल्वेची ग्रीन लाईन अगदी प्रवेशद्वाराशी थांबते. टेक्ससची राज्य जत्रा याच आवारात सप्टेंबरअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरात उठते. त्या दिवसांत आलात तर गर्दी प्रचंड, पण काडीला टोचून तळलेला कॉर्न डॉग खायची जागा हीच. जत्रा उठल्यावर आवार शांत असतं आणि 1930 च्या दशकातल्या इमारती निवांत पाहता येतात.

आता लव्ह फील्ड. 1964 मध्ये एनबीसी या टीव्ही वाहिनीने एएफएलला पाच वर्षांसाठी 36 दशलक्ष डॉलर दिले आणि पैशांचं युद्ध पेटलं. न्यूयॉर्क जेट्सनी जो नेमॅथ या एका नवख्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकून डाव चालवणाऱ्या खेळाडूला, 427,000 डॉलरचा करार दिला. दोन्ही लीगना हे झेपणार नव्हतं. 6 एप्रिल 1966 ला काउबॉइजचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी ह्यूस्टनला निघालेल्या हंट यांना विमानतळावर गाठलं. भेटीची खूण म्हणजे लॉबीतला टेक्सस रेंजरचा, म्हणजे राज्य पोलिसाचा, ब्राँझचा पुतळा. तिथून दोघं पार्किंगमधल्या श्रॅम यांच्या ओल्ड्समोबील गाडीत जाऊन बसले आणि विलीनीकरणाची पहिली बोलणी त्या गाडीत झाली. हे कोणालाही कळता कामा नये अशी अट होती. ह्यूस्टनच्या बैठकीत तर एएफएलने अल डेव्हिस यांच्यासारखा लढाऊ माणूस कमिशनर नेमला. मे महिन्यात जायंट्सनी बफलोचा किकर पीट गोगोलाक पळवला, तेव्हा डेव्हिस यांनी उलट एनएफएलच्या क्वार्टरबॅकना गळ टाकायला सुरुवात केली. त्या धास्तीने समेट लवकर झाला.

8 जून 1966 ला घोषणा झाली. कमिशनर एकच, रोझेल. एएफएलच्या संघांनी 20 वर्षांत 18 दशलक्ष डॉलर द्यायचे. नव्या खेळाडूंची निवड 1967 पासून एकत्र. 1970 पासून एकच वेळापत्रक. आणि तोवर दर हंगामाअखेर दोन्ही लीगच्या विजेत्यांमध्ये एक सामना. याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट लागणार होती. ती ऑक्टोबरात काँग्रेसमध्ये मंजूर झाली, त्यात लुइझियानाचे दोन वजनदार लोकप्रतिनिधी पुढे होते. 1 नोव्हेंबरला त्याच राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सला नवा संघ मिळाला.

हा पुतळा शोधायला लॉबीत जाऊ नका. 2020 मध्ये तो तिथून हलवला. इतिहासप्रेमी मंडळी अजूनही टर्मिनलमध्ये त्याची चौकशी करतात. शाकाहारी जेवणासाठी जवळच्या अर्व्हिंग उपनगरात भारतीय खाणावळींची रांगच आहे.

सहावा दिवस: लॉस एंजेलिस

मेट्रोच्या ई लाईनने एक्स्पो पार्क-यूएससी स्टेशनला उतरा, पाच-सात मिनिटं चालत कोलिझियम. गाडी आणू नका, पार्किंग महाग आहे. 1923 मध्ये उघडलेलं हे मैदान आपल्यालाही परकं नाही. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने अमेरिकेला 24-1 असं हरवलं ते इथेच, आणि 1984 मध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं तेही इथेच. दारातल्या ब्राँझच्या दोन बिनडोक्याच्या आकृती त्याच ऑलिंपिकच्या.

कमानींच्या बाजूने वर चढा आणि शेवटच्या रांगेतून खाली बघा. पहिल्या सुपर बोलला, म्हणजे पॅकर्स आणि हंट यांच्या चीफ्सच्या सामन्याला, एक तृतीयांश जागा रिकाम्या का राहिल्या, याचं अर्धं उत्तर डोळ्यांना मिळतं. इथून खेळाडूचा नंबर वाचता येत नाही. 15 जानेवारी 1967 ला 90,000 हून जास्त जागा होत्या आणि लोक आले 61,946. जागा नक्की झाली ती सामन्याच्या जेमतेम दीड महिना आधी. तिकीट 6, 10 आणि 12 डॉलर, तेव्हाच्या मानाने चढंच. त्यात शहराच्या 75 मैलांच्या परिसरात टीव्हीवर सामना दाखवायला बंदी. चिडलेल्या लोकांनी तिकीट काढण्याऐवजी दूरचं केंद्र पकडायला घरी अँटेना जुळवले.

तिकिटावर सुपर बोल असं छापलेलं नव्हतं. अधिकृत नाव होतं ‘एएफएल-एनएफएल वर्ल्ड चॅम्पियनशिप गेम’. हंट यांनी जुलै 1966 मध्ये रोझेल यांना लिहिलेल्या पत्रात सुपर बोल हे नाव गमतीने वापरलं होतं आणि यापेक्षा चांगलं सापडेल असंही लिहिलं होतं. वर्तमानपत्रांनी ते उचललं.

समेट ताजा होता, त्यामुळे सगळं दोन-दोन होतं. चेंडू दोन: चीफ्स आक्रमणावर असताना एएफएलचा स्पॉल्डिंग, थोडा लांबट आणि अरुंद, पॅकर्सच्या वेळी एनएफएलचा विल्सन. एएफएलमध्ये टचडाउननंतर दोन गुणांचा पर्याय होता, तो इथे नाकारला. प्रक्षेपण सीबीएस आणि एनबीसी दोघांनी केलं, चित्र सीबीएसचं, समालोचन आपापलं. दोघांच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये कुंपण घातलं होतं. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा एनबीसीवर विनोदी नट बॉब होप यांची मुलाखत चालली होती, त्यामुळे सुरुवातीची किक तिथे दिसलीच नाही. पंचांनी किक पुन्हा घ्यायला लावली.

मध्यंतराला पॅकर्स 14-10 असे जेमतेम पुढे होते. रिकाम्या वेळात दोन बँड, कबुतरं आणि पाठीवर रॉकेट बांधून उडणारी माणसं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चीफ्सचा क्वार्टरबॅक लेन डॉसन याच्यावर पॅकर्सचे बचावपटू धावून गेले, घाईत टाकलेला पास विली वुडने अडवला आणि तो 50 यार्ड पळत गोल रेषेजवळ पोचला. सामना तिथे फिरला. 35-10. त्या दिवशीचा आवडता खेळाडू मात्र पॅकर्सचा मॅक्स मॅगी. पूर्ण हंगामात त्याने फक्त 4 पास झेलले होते, खेळायला मिळेल असं त्याला वाटतही नव्हतं. त्याच्या जागी खेळणारा बॉइड डाउलर सुरुवातीलाच जखमी झाला आणि मॅगी दुसऱ्याचं हेल्मेट घालून उतरला. पहिला टचडाउन त्याने पाठीमागे आलेला चेंडू एका हाताने ओढून घेऊन केला. एकूण 7 झेल, 138 यार्ड, 2 टचडाउन. जिंकणाऱ्या खेळाडूला 15,000 डॉलर मिळाले, हरणाऱ्याला 7,500. रिग्ली फील्डवरच्या 210 डॉलरपासून इथवर 33 वर्षं लागली.

टूरच्या गटात उन्हाची टोपी आणि पाणी असू द्या, वरच्या रांगांना सावली नाही. दुपारनंतर आर्टेशियातल्या पायोनियर बुलेव्हार्डवर भारतीय जेवण जेवायला जाता येतं, पण संध्याकाळच्या वाहतुकीत तास-दीड तास धरा.

याच्या पुढचे टप्पे पाहायचे म्हणाल तर जागा उरलेल्या नाहीत. 1968 आणि 1969 चे सामने झाले ते मायामीचं ऑरेंज बोल 2008 मध्ये पाडलं, तिथे आता बेसबॉलचं मैदान आहे. जेट्सनी कोल्ट्सना 16-7 असं हरवून एएफएलची बरोबरी सिद्ध केली ती तिथे. 1970 मध्ये चीफ्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जना 23-7 असं हरवलं ते न्यू ऑर्लिन्सचं टुलेन स्टेडियमही गेलं. पहिल्या सामन्याच्या टेप दोन्ही वाहिन्यांनी पुसून पुन्हा वापरल्या. 2016 मध्ये एनएफएलने जुन्या फिल्मचे तुकडे आणि रेडिओचं समालोचन जोडून सगळे डाव पुन्हा जुळवले. कोलिझियमला जाण्याआधी ते सापडलं तर बघून जा, म्हणजे कुठल्या टोकाला कोणता टचडाउन झाला ते रांगेत बसून ओळखता येतं.